पडद्यावरच्या बाईंचं वजन

त्या बाई मी लातूरला घडवल्या आणि नांदेडला गेल्यावर त्या टॅबवर उघडल्याच नाहीत.

बाई म्हणजे हाडामांसाच्या नव्हेत. कॉम्प्युटरवर बनवलेल्या शिक्षिका. मान, हात, बोटं हवी तशी वळवता येतील अशा. लातूरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. ट्यूशनवाल्यांसाठी धडधडणारं हृदय, पोट उघडून दाखवलेला बेडूक, किडनी अशी चलचित्रं आम्ही करतो. तो हंगाम संपला की बिल्डरांच्या अजून न बांधलेल्या इमारती करतो. आमच्याकडे कुणी माणूस मागितला तो पहिल्यांदाच. नांदेडच्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेला खुणांच्या भाषेत शिकवणाऱ्या बाई हव्या होत्या. तिथली पोरं हदगाव, लोहा, किनवटकडच्या खेड्यांतली. सुट्टीत घरी गेली की त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं, कारण आईबापांना खुणा येत नाहीत. या बाई शाळेच्या टॅबवर चालाव्यात आणि आईबापांच्या साध्या फोनवरही चालाव्यात, म्हणजे पोराबरोबर घरचेही शिकतील, असा शाळेचा विचार होता.

मी हरखून गेलो. मी मूळचा जळकोटचा. तिकडे माझी एक मावशी शाळेत शिकवायची, तिला डोळ्यांपुढे ठेवून मी बाई घडवायला घेतल्या. मावशीसारखी इरकली साडी नेसवली. निऱ्या एकेक सुट्या कोरल्या, पदराचा पोत उठवला. केसांचा अंबाडा घातला तो एकेक बट गुंफून. पायांत जोडवी घातली. बाई वळल्या की साडी मागोमाग वळायची, आणि ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ते इतकं सुरेख दिसायचं की कॉरिडॉरमधून जाणारी ट्यूशनची पोरं दारात थांबून बघायची.

त्या बाई घेऊन मी अहमदपूर, लोह्यावरून बसनं नांदेडला गेलो. वर्गात पोरं सतरंजीवर वाट बघत बसली होती. शाळेचे टॅब जुने, कुणीतरी देणगी दिलेले. मी एक चालू केला. पांढरं चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. टॅब हाताला चटका बसेल इतका तापला आणि आपोआप बंद पडला. दुसरा घेतला, त्याचंही तेच. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.

तेव्हा त्या वर्गाच्या मॅडम पुढे आल्या. शाळेत खुणांची भाषा शिकवणाऱ्या या मॅडम स्वतः कर्णबधिर आहेत. चाळिशीच्या, हदगाव तालुक्यातल्या. लहानपणी तापात त्यांचं ऐकणं गेलं. वडील दुसऱ्याच्या कापसात रोजंदारीनं जायचे, पण मुलीला त्यांनी नांदेडला ठेवून शिकवलं. माझ्यासारख्या खुणा न येणाऱ्याशी मॅडम मोबाइलवर टाइप करून बोलतात. त्यांनी भराभर टाइप केलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"खूप सुंदर असतील. पण दिसत नाहीत."

मी ओशाळून हसलो. त्यांनी पुढे विचारलं, "त्यापेक्षा माझाच व्हिडिओ का काढत नाही?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना माझ्या लॅपटॉपवर बाई दाखवल्या, बोटानं फिरवून बाजूनं दाखवल्या, मग पाठमोऱ्या केल्या, खूण सावकाश केली, परत केली. व्हिडिओत माणूस असा फिरवता येत नाही, आणि नवं वाक्य करायचं तर पुन्हा कॅमेरा लावावा लागतो. मॅडम लॅपटॉपवर वाकल्या. बाईंना त्यांनी स्वतः पाठमोरं केलं, आपले हात बाईंच्या हातांसारखे पुढे धरले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग टाइप केलं, "हे हवंच. समोर उभं राहून शिकवलं की आईच्या डोक्यात डावं-उजवं उलटं होतं. पाठीमागून बघितलं की बाईंचा हात तोच तिचा हात."

थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली. "पण आईचा फोन टॅबपेक्षाही जुना असतो."

लातूरला परत आलो आणि ताईंना सगळं सांगितलं. ताई आमच्या ऑफिसात तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. किल्लारीच्या. त्याआधी पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होत्या. यजमानांची बदली औशाला झाली म्हणून इकडे आल्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणायचे आणि त्या मला दादा. त्यांनी माझी फाइल उघडली, खुर्ची पुढे ओढली आणि साडीचा रंग, कातडीचा रंग, सगळं एका फटक्यात घालवून टाकलं. पडद्यावर उरली नुसती जाळी. कॉम्प्युटरवरचा माणूस आतून पोकळच असतो. बारीक ठिपके जोडून केलेली जाळी आणि तिच्या आत हाडं. हाड वळलं की जाळी वळते. जितके ठिपके, जितकी हाडं, तितकं वजन. माझ्या बाईंची जाळी इतकी दाट होती की ती काळीकुट्टच दिसत होती.

"दादा, तुमच्या बाई लई जड हायत," ताई म्हणाल्या. "साडीच्या आत काय हाय हे?"

"शरीर आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"ते कोण बघणार हाय?"

"कुणी नाही."

"मग ठेवलं कशाला?"

"असावं म्हणून," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो.

"हे 'असावं म्हणून' त्या माउलीला रेंज नसलेल्या गावात फोनवर उतरवून घ्यायचंय," ताई म्हणाल्या. मग त्यांनी धड्यांच्या फाइली बघितल्या आणि कपाळाला हात लावला. "आणि हे काय करायलात? दर धड्यासंगं अख्ख्या बाई पुन्हा पाठवायलात."

ते खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. प्रत्येक धड्याच्या फाइलीत बाईंची एक संपूर्ण प्रत होती. ताईंनी पहिलं काम ते केलं. बाई एकदाच फोनवर जातील. त्यानंतर प्रत्येक धडा म्हणजे फक्त हालचाल, कुठल्या क्षणी कुठलं हाड किती वळायचं एवढंच. "बाई एकदा गावात राहायला गेल्या, की रोज नुसता धडा धाडायचा," त्या म्हणाल्या.

मग साडी. मला वाटलं होतं आता माझ्या निऱ्या जाणार, आणि मी मन घट्ट करून बसलो होतो. ताईंनी निऱ्या सपाट केल्या, पण त्याआधी माझ्या कोरीव निऱ्यांवर पडलेली सावली तेवढी उचलून घेतली आणि ती चित्रासारखी सपाट साडीवर पसरली. जाळीत आता निरी नव्हती, नुसता उजेड आणि अंधार होता. मी दोन्ही बाई शेजारीशेजारी ठेवून बघितल्या. फोनएवढ्या पडद्यावर माझी जुनी बाई कुठली आणि ताईंची नवी कुठली, ते मला सांगता येईना. आपलं काम कुणी इतकं जपून मोडताना मी पाहिलं नव्हतं. ज्यात माझी मेहनत दिसत होती ते त्यांनी आधी समजून घेतलं, आणि मगच हात लावला.

मी एकदा त्यांना विचारलं, "ताई, ही सवय किल्लारीची का? भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये संसार केलेली तुमच्या घरची माणसं. लागेल तेवढंच ठेवायचं..."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई हो दादा. पुण्यातल्या कंपनीत शिकले. जड फाइल दिली की आमचे साहेब ओरडायचे. भूकंपाला कशाला मधी आणता?"

आठवड्याभरात बाई तयार झाल्या. पहिली फाइल एखाद्या सिनेमाएवढी होती, ही दोन-चार फोटोंएवढी. आम्ही दोघं मिळून नांदेडला गेलो. शाळेच्या सगळ्यात जुन्या टॅबवर बाई डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडल्या. पोरांनी हात वर करून पंजे हलवले. त्यांची टाळी तशी असते. मला वाटलं, झालं काम.

मॅडम मात्र पंजे हलवत नव्हत्या. त्यांनी एकच धडा पुन्हा पुन्हा बघितला. मग टाइप केलं, "या बाई विचारत नाहीत. नुसत्या सांगतात."

आम्हाला काही कळलं नाही. मॅडमनी करून दाखवलं. 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस का' यांत हात दोन्ही वेळा सारखेच चालले. फरक होता भुवयांचा. प्रश्नाला त्या वर गेल्या, मान किंचित पुढे आली आणि नजर उत्तराची वाट बघत थांबली. वजन उतरवताना ताईंनी चेहऱ्याच्या बहुतेक हालचाली काढून टाकल्या होत्या. हसू आणि पापण्या तेवढ्या ठेवल्या होत्या. त्यामुळे बाईंच्या चेहऱ्यावरून सगळे प्रश्न गेले होते.

मॅडमनी पुढची ओळ लिहिली, "आणि बोटं तोतरी आहेत."

बोटाच्या शेवटच्या दोन पेरांची हाडं ताईंनी जोडून एक केली होती. मॅडमनी दोन खुणा केल्या. एकीत बोटाचं टोक वाकत होतं, दुसरीत सरळ राहत होतं. आमच्या बाईंच्या हातात दोन्ही खुणा एकसारख्याच निघत होत्या.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, एवढं चालतं हो, पोरं समजून घेतील. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. ताई मॅडमच्या बोटांकडेच बघत होत्या. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. मग मॅडमचा फोन मागून घेऊन त्यांनी टाइप केलं आणि तेच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "आमच्या गेममधल्या माणसांना नुसती तलवार धरायची असायची. त्यांना बोलायचं नव्हतं. तुम्ही मला शिकवा, मग मी दुरुस्त करते."

मॅडम पहिल्यांदा हसल्या.

ताईंची नणंद नांदेडला राहते. ताई तिच्याकडे मुक्कामाला राहिल्या आणि रोज शाळा सुटली की मॅडमबरोबर बसायला लागल्या. मी लातूरहून येऊन-जाऊन असायचो. रिकाम्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, दोघींच्या मध्ये लॅपटॉप. ताई पडद्यावर दोन बाई शेजारीशेजारी उभ्या करायच्या. एकीतून काहीतरी काढून टाकलेलं असायचं. काय आणि कुणातून, ते सांगायच्या नाहीत. दोन्ही बाई तीच खूण करायच्या. मॅडमना काही फरक दिसला नाही तर ती गोष्ट कायमची गेली. दिसला तर परत आली. मॅडमची नजर मी तेव्हा ओळखली. एकदा मनगटाला त्यांनी बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. मला काहीच दिसत नव्हतं. ताईंनी जाळी मोठी करून बघितली, तर तळहात उलटा होताना मनगट पिळलेल्या फडक्यासारखं होत होतं. तिथलं एक लहानसं हाड त्यांनी काढलं होतं, ते परत घातलं.

असं एकेक परत येत गेलं. पेरांची हाडं आली, भुवया आल्या, गाल फुगवणं आलं, ओठ मुडपणंही आलं, कारण मॅडमच्या भाषेत लहान-मोठं, जवळ-लांब चेहऱ्यावरही असतं. वजन वाढायला लागलं. मग ते दुसरीकडून काढायला हवं होतं. मी सुचवलं की पाठ काढून टाकू, तिथं बरंच काही वाचेल. मॅडमनी जोरात मान हलवली. आईला बाई पाठमोऱ्याच हव्यात, हे मी विसरलो होतो. पाठ राहिली, पण अंबाड्याच्या बटा गेल्या आणि त्याचा एक गुळगुळीत गोळा झाला.

शेवटी ताई म्हणाल्या, "दादा, पाय."

मी बाईंचे पाय पडद्यावर मोठे करून बघितले. त्या पायांतली जोडवी मी फार मन लावून केली होती. मॅडमनी माझा चेहरा वाचला असावा. त्यांनी टाइप केलं, "मी वर्गात शिकवते तेव्हा कुणी माझ्या पायांकडे बघत नाही. बघायला लागले तर मीच रागावते."

बाईंचे पाय गेले. गुडघ्यांपासून खाली काहीच राहिलं नाही. पडद्यावर तो भाग येतच नव्हता. त्या पायांचे ठिपके ताईंनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या कातडीला दिले, कारण अंगठा आत मिटला की तिथं जाळी चुरगळत होती. काम पूर्ण झाल्यावर त्यांनी मला पुन्हा एकदा रंग काढून नुसती जाळी दाखवली. साडी, पाठ, डोकं यांच्यावर मोठमोठी, विरळ घरं पडली होती. मनगटापासून पुढे आणि भुवयांच्या भोवती मात्र जाळी इतकी बारीक की रेशमाचं कापड वाटावं. बाकीच्या अख्ख्या बाईंहून त्यांचे दोन हात जड होते. मी माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर केलेल्या बाई दिसायला देखण्या होत्या. या बाई बोलत होत्या. इतक्या वर्षांच्या धंद्यात इतकं नेमकं काम माझ्या बघण्यात आलं नव्हतं, आणि ते एकट्या ताईंचंही नव्हतं. काय ठेवायचं ते एकीला डोळ्यांनी कळत होतं, आणि ते कसं ठेवायचं हे दुसरीच्या हाताला.

उन्हाळ्याच्या सुट्टीला पोरांना न्यायला आईबाप आले त्या दिवशी आम्हीही गेलो होतो. आवारात कडुनिंबाखाली ताई आणि मॅडम बसल्या होत्या आणि एकेकाच्या फोनवर बाई घालून देत होत्या. नेटवर्कची गरजच नव्हती. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवलं की झालं. हदगावकडची एक आई आपल्या मुलीला न्यायला आली होती. फोनची काच तडकलेली, कडेला रबर लावून बांधलेला.

"ह्याच्यात येतंय का हो?" तिनं भीतभीत विचारलं.

"येतंय की," ताई म्हणाल्या.

बाई उघडल्या. ताईंनी तिला त्या फिरवून दाखवल्या. ती आधी नुसतीच बघत राहिली, मग तिनं स्वतः अंगठ्यानं बाईंना वळवून पाठमोरं केलं. फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे करून बाईंच्या हातांसारखे हलवले. एकदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. शेजारी उभी असलेली मुलगी वैतागली, तिनं आईचा हात धरला आणि नीट वळवून दिला. मग आईनं तीच खूण मुलीला केली. मुलीनं उत्तर दिलं. आईला उत्तर समजलं नाही. तिनं ताईंकडे बघितलं, ताईंनाही नीट समजलं नाही, म्हणून त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी फोनवर लिहून दाखवलं आणि मी ते वाचलं.

"म्हणतेय, आज्जी कशी आहे?"

"आज्जी बरी हाय म्हणावं," आई म्हणाली, आणि लगेच, "थांबा, तुम्ही नका सांगू. बरी हाय, हे कसं करायचं?"

आम्ही तिला बाईंमध्ये ते शोधून दिलं. हदगावच्या बसला अजून वेळ होता. कडुनिंबाच्या पारावर बसून त्या दोघी मायलेकी तेच करत होत्या; आई बघून बघून एकेक शब्द करायची, लेक घाईनं तिचे हात सरळ करायची. मॅडम आपल्या जागेवरून बघत होत्या. मला वाटलं आता त्या काहीतरी लिहून दाखवतील, पण त्या पुढच्या माणसाचा फोन घेऊन कामाला लागल्या.

बुद्ध पौर्णिमेला मॅडमनी आम्हा दोघांना नांदेडच्या त्यांच्या घरी खिरीला बोलावलं. उन्हं अजून कडक होती. मी पुढच्या खोलीत कूलरपुढे त्यांच्या वडिलांशी कापसाबद्दल बोलत बसलो. ते आता थकलेत, पण बोलायला उत्साही. आत स्वयंपाकघरात ताई वाट्या भरत होत्या आणि मॅडम ओट्याला टेकून त्यांच्याशी हातांनी बोलत होत्या. ताईंच्या एका हातात डाव होता, म्हणून त्या दुसऱ्याच हातानं उत्तरं देत होत्या, चुकत होत्या, मॅडम सुधारत होत्या. दोघींचं फोनशिवाय चाललं होतं. मधेच मॅडमनी दारातून माझ्याकडे बघितलं, काहीतरी भराभर केलं, आणि ताई इतक्या जोरात हसल्या की खीर वाटीबाहेर सांडली.

"काय म्हणतायत मॅडम?" मी विचारलं.

"काई न्हाई दादा," ताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही खीर खावा."